प्रातोची निळी पिशवी

अब्बा जहाजावर नोकरीला होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात त्या काळी बहुतेक घरांतला एक तरी माणूस जहाजावर असे. नऊ-दहा महिन्यांनी अब्बा सुटीवर आले की फजरच्या नमाजनंतर चहा आणि बेकरीचा टोस्ट, एवढाच त्यांचा नाश्ता. टोस्ट पूर्ण बुडवायचा नाही, अर्धाच बुडवायचा आणि मनात पाच आकडे मोजून बाहेर काढायचा, असा त्यांचा नियम होता. सहावा आकडा मोजला की टोस्ट कपातच राहतो, हे आम्ही भावंडे अनुभवाने शिकलो होतो.

१९८९ साली ते इटलीतल्या लिव्होर्नो बंदराला जाऊन घरी आले. बॅगेतून साबण, पेने आणि अम्मीसाठी कापड निघाले, आणि सर्वांत शेवटी निळ्या कागदाची, दोरीने बांधलेली एक पिशवी. आत तिरपी कापलेली, बदामाचे काप दिसणारी कडक बिस्किटे होती. आम्ही हात पुढे करणार, तोच शेजारच्या चाची म्हणाल्या, "ही बिस्किटं ते लोक दारूत बुडवून खातात. त्यात डुकराची चरबीही असते म्हणे."

अम्मीने पिशवी उचलून कपाटावर ठेवली. अब्बा काही बोलले नाहीत. चार दिवसांनी ती बिस्किटे कोंबड्यांपुढे पडली. त्यानंतर अब्बांनी परदेशातून खाण्याची वस्तू कधीच आणली नाही. दरवेळी बॅग उघडायची, साबण निघायचे, कापड निघायचे, पण त्या पिशवीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

२००९ साली अब्बा अल्लाहला प्यारे झाले. त्यांच्या पेटीत एक खिशात मावेल अशी डायरी सापडली. प्रत्येक बंदराला एक पान. मशीद कुठे आहे, टपाल कुठे टाकायचे, कुठली वस्तू केवढ्याला मिळाली आणि तिथल्या भाषेतले दोन-चार शब्द, सगळे उर्दूत लिहिलेले. लिव्होर्नोच्या पानावर दोन शब्द होते आणि पुढे लीरामध्ये किंमत. उर्दूत जेर-जबर कोणी लिहीत नाही, त्यामुळे 'सनज़ा सतरूतू' असे काहीतरी वाचले जायचे. शाळेत इतकी वर्षे उर्दू शिकवूनही आम्हांला ते उमगले नाही. एखाद्या दुकानदाराचे नाव असेल, असे आम्ही धरून चाललो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत आम्ही पती-पत्नी इटलीला गेलो, ते धाकट्या बहिणीकडे. तिचे यजमान प्रातो शहरात सुताच्या गिरणीत काम करतात. फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला स्टेशनातून साध्या गाडीने अर्ध्या तासात प्रातो येते. पर्यटकांची गर्दी फ्लोरेन्सलाच उतरून राहते. प्रातो हे कष्टकऱ्यांचे गाव. बिझेन्झिओ नदीच्या काठी शेकडो वर्षांपासून इथे लोकर धुतली, रंगवली आणि विणली जाते. जगभरातले जुने लोकरी कपडे इथे येतात, रंगांनुसार निवडले जातात आणि त्यांचे पुन्हा सूत होते. चिनी लोकांची तर इथे फार मोठी वस्ती आहे. पाकिस्तानी, मोरोक्कन आणि अल्बेनियन कुटुंबेही आहेत. बहिणीच्या इमारतीच्या जिन्यात एका मजल्यावर लसणाच्या फोडणीचा, तर वरच्या मजल्यावर जिऱ्याचा वास येत होता. आम्हांला भिवंडीची आठवण झाली.

शहराच्या मध्यभागी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे जुने कथीड्रल आहे. त्यातला हिरवा दगड प्रातोजवळच्याच टेकड्यांतला. थोड्या अंतरावर सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तेराव्या शतकात बांधलेला किल्ला आहे. हा सम्राट सिसिलीतल्या पालेर्मोत वाढला. त्या बेटावर त्याच्या आधी दोन शतकांहून अधिक काळ मुस्लिम राजवट होती. १२२९ साली त्याने सलाहुद्दीन अय्यूबींचे पुतणे सुलतान अल-कामिल यांच्याशी जेरुसलेमचा करार केला, तो लढाई न करता, बोलणी करून. हरम शरीफ त्या करारात मुसलमानांकडेच राहिले. इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारी ही गोष्ट त्या भिंतीखाली उभे राहून आठवली की जास्त वेळ मनात राहते.

चौकात एका व्यापाऱ्याचा पुतळा आहे, फ्रांचेस्को दातिनी. १३४८ च्या प्लेगमध्ये त्याचे आईवडील गेले. पोरका मुलगा परदेशी जाऊन मोठा सौदागर झाला. १४१० साली मरताना त्याने आपली मालमत्ता शहरातल्या गोरगरिबांसाठी ठेवली. आपल्याकडच्या वक्फची आठवण व्हावी, अशी ती संस्था. पण दातिनी जगाला माहीत झाला तो त्याच्या कागदांमुळे. आलेले प्रत्येक पत्र आणि हिशेबाची प्रत्येक वही त्याने जपून ठेवली होती. १८७० साली त्याच्या घरात ती सापडली. पत्रेच सुमारे दीड लाख! कुठून काय घेतले, केवढ्याला घेतले, घेताना काय विचारले, सगळे लिहिलेले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोघांनाही अब्बांची डायरी आठवली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीबरोबर कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. तिथे ओव्हनमधून नुकतीच काढलेली, वर मीठ भुरभुरलेली चपटी रोटी होती. बहिणीने बोट दाखवून विचारले, "सेन्त्सा स्त्रुत्तो?" काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सी, सोलो ओलियो."

आम्ही जागच्या जागी थांबलो. "काय विचारलंस?"

"अगं आपा, स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी. काही बेकऱ्या पिठात घालतात. म्हणून मी आधी विचारते, सेन्त्सा स्त्रुत्तो, म्हणजे चरबीशिवाय ना? तो म्हणाला, हो, फक्त तेल आहे."

सनज़ा सतरूतू. पंधरा-सोळा वर्षे आम्ही ज्याला दुकानदाराचे नाव समजत होतो, तो अब्बांचा प्रश्न होता. बंदरावर कुणाकडून तरी दोन शब्द शिकून, विसरू नयेत म्हणून उर्दूत लिहून घेऊन, त्यांनी विचारले होते. उत्तर मिळाल्यावरच पैसे दिले होते. बहिणीला हे सांगितले तेव्हा ती तिथेच, रोटीची गरम पिशवी हातात धरून रडली. १९८९ साली ती तीन वर्षांची होती. तिला बिस्किटे आठवत नव्हती, फक्त कोंबड्या आठवत होत्या.

त्याच दिवशी ती आम्हांला रिकासोली रस्त्यावरच्या अंतोनियो मात्तेई यांच्या दुकानात घेऊन गेली. हे दुकान १८५८ सालचे. काचेच्या कपाटात निळ्या कागदाच्या, दोरीने बांधलेल्या पिशव्या ओळीने मांडल्या होत्या. घटक वाचले: गव्हाचे पीठ, साखर, अंडी, बदाम आणि चिलगोजे. लोणीसुद्धा नाही. दारूचा संबंध एवढाच, की तिथले लोक जेवणानंतर 'व्हिन सांतो' नावाच्या गोड दारूत ही बिस्किटे बुडवतात. दारू त्यांच्या पेल्यात असते, बिस्किटात नसते. चाचींनी ऐकलेली गोष्ट अर्धी खरी होती. उरलेली अर्धी कोणी विचारली नव्हती.

बाहेरच्या जगात या बिस्किटांना बिस्कोत्ती म्हणतात. इटलीत मात्र बिस्कोत्ती म्हणजे कुठलेही बिस्किट. या बदामी बिस्किटांना तोस्काना प्रांतात 'कांतुच्ची' म्हणतात. बिस्कोत्ती या शब्दाचा मूळ अर्थ दोनदा भाजलेले. दुसऱ्या भाजणीत उरलेला ओलावा जातो आणि पाव महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून व्हेनिस आणि जेनोव्हाच्या जहाजांवर खलाशांचे अन्न तेच असे. आपला बेकरीचा टोस्ट याच कुळातला. जहाजावरच्या माणसाला घरी आल्यावरही टोस्टच का लागायचा, हे त्या दिवशी जरा कळले.

संध्याकाळी बहिणीने तिच्या स्वयंपाकघरात कांतुच्ची केली. ती खालच्या मजल्यावरच्या एका वृद्ध बाईंकडून शिकली आहे. मोजमाप आम्ही दातिनीसारखे लिहून घेतले, ते असे. मैदा २५० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, सालीसकट बदाम १२५ ग्रॅम, दोन अंडी, चिमूटभर मीठ, एका लिंबाची किसलेली साल आणि अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर. जुन्या पद्धतीत पावडर नसते, पण घरच्या ओव्हनला तिची मदत होते. व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असू शकते, म्हणून लिंबाची साल बरी. वेलचीही चालते. चिलगोजे आपल्याकडे फार महाग, ते सोडले तरी चालेल.

अंडी आणि साखर फेटून त्यात मैदा, मीठ, पावडर आणि साल घालावी. शेवटी अख्खे बदाम. पीठ चिकट होते. घाबरून वरून मैदा ओतत बसू नये, हात ओला करून घ्यावा. ट्रेवर बटर पेपर घालून चार बोटे रुंदीच्या दोन लांब वळकट्या कराव्यात. १८० अंशांवर साधारण २५ मिनिटांत त्या फिकट सोनेरी होतात. बाहेर काढून दहा मिनिटे थांबावे आणि दातेरी सुरीने बोटभर जाडीचे तिरपे काप करावेत. अगदी गरम असताना कापले तर तुकडे पडतात, पूर्ण गार झाल्यावर कापले तर बदाम निसटतात. मग काप आडवे ठेवून १५० अंशांवर प्रत्येक बाजूने आठ-दहा मिनिटे पुन्हा भाजावेत. ओव्हनमधून निघताना ते थोडे मऊ लागतात, गार झाले की कडक होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे सहज राहतात.

तोवर चुलीवर कॉफीचे छोटे ॲल्युमिनियमचे भांडे खदखदू लागले होते. इटलीत घराघरांत दिसणाऱ्या या भांड्याला 'मोका' म्हणतात. ते नाव येमेनमधल्या अल-मखा बंदराचे. 'काफ्फे' हा शब्द आपल्या 'कहवा'चा, आणि साखरेला ते 'झुक्केरो' म्हणतात, तो अरबीतला 'सुक्कर'. येमेनच्या सूफींनी रात्रीच्या जिक्रसाठी जागायला घेतलेला कहवा, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जात इथवर आला. बंदरावरची माणसे काय काय घेऊन येतात! आम्ही चौघांनी बिस्मिल्लाह म्हणून कप उचलले. कोणीही ठरवलेले नसताना सगळ्यांनी अर्धेच बिस्किट बुडवले.

परत आलो तेव्हा बॅगेत एक मोका आणि एक निळी पिशवी होती. पण अम्मीला ती पिशवी लगेच दिली नाही. आधी घरच्या ओव्हनमध्ये तिच्यासमोर कांतुच्ची केली. अम्मी आता सत्तरी ओलांडलेली आहे, गुडघे दुखतात, पण पाट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसली आणि प्रत्येक जिन्नस पडताना विचारत राहिली, "हे काय? आणि हे?" आम्ही सांगत राहिलो.

चिकमगळूरची कॉफी केली. मग अब्बांची डायरी आणून लिव्होर्नोचे पान उघडले. अम्मीने चष्मा लावला, अक्षर ओळखले, शब्द तिलाही लागेना. आम्ही अर्थ सांगितला आणि निळी पिशवी पुढे ठेवली.

अम्मी बराच वेळ त्या पानावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी विचारलं होतं. मीच त्यांना विचारलं नाही."

आम्ही काहीतरी बोलणार होतो, की चाचींचा स्वभावच तसा, की तुझी नियत वाईट नव्हती. पण तिला ते नको होते. तिने डायरी मिटून पदराखाली घेतली, ताटलीतले एक बिस्किट उचलले आणि कॉफीत अर्धे बुडवले. तिचे ओठ हलताना दिसले. आम्हांला आधी वाटले, ती काही पढते आहे. ती मोजत होती. पाचाला तिने बिस्किट बाहेर काढले.