धुरकटलेले दिवे

मोटारीच्या दिव्यांसही मोतीबिंदू होतो, असे आम्ही म्हटले तर वाचक हसतील. परंतु आपल्या धर्मग्रामातील कोणतीही दहा-बारा वर्षे उन्हात उभी राहिलेली गाडी पाहावी; दिव्यांवर बहुधा पिवळसर, धुरकट पडदा आलेला दिसेल. आमची गाडी याच वयाची. जांबोटीकडील वाड्यांतून आजाऱ्याच्या तैलाभ्यंगासाठी बोलावणे आले म्हणजे दिवस की रात्र हे पाहता येत नाही. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रात्री पुढे चाललेली बैलगाडी आम्हांस चार हातांवर येईपर्यंत दिसली नाही. गाडीवानाजवळ कंदील नव्हता हे खरे. पण आमचे दोन दिवेही असून नसल्यासारखेच होते.

"फादर, दोन्ही नवे घाला," असे एका गॅरेजवाल्याने सुचविले. त्याने सांगितलेली किंमत ऐकून आम्ही केवळ चहा घेऊन परत आलो.

जुन्या अ‍ॅम्बॅसडरचे दिवे काचेचे असत. ते फुटत, पण पिवळे पडत नसत. आजचे दिवे पॉलिकार्बोनेट नामक प्लॅस्टिकचे. जर्मनीत हेरमान श्नेल व अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी १९५३ साली ते स्वतंत्रपणे शोधून काढले. ते हलके, खडा लागला तरी सहसा न फुटणारे. मात्र सूर्याचे अतिनील किरण त्यास सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर पातळ संरक्षक लेप देतात. तो झिजला की खालचे प्लॅस्टिक पिवळे पडू लागते. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१८ साली केलेल्या चाचणीत अशा दिव्यांचा उजेड नव्याच्या सुमारे एक-पंचमांशच भरला. बैलगाडीचे कोडे आम्हांस तेथे उलगडले.

मग एका शनिवारी, वेदीसेवक मुलांपैकी एकास हाताशी घेऊन, आम्ही कामास लागलो. दिवे साबणाने धुतले, भोवतालच्या रंगास ओरखडे पडू नयेत म्हणून मास्किंग टेप लावली आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासू लागलो. प्रथम पिवळे पाणी ओघळते, नंतर दुधासारखे पांढरे. या टप्प्यावर दिवा पूर्वीपेक्षाही आंधळा दिसतो. मुलगा घाबरून म्हणाला, "फादर, बिघडला!" येथे धीर सोडू नये. पुढे १५००, २००० व ३००० नंबरचे कागद क्रमाने घ्यावेत, प्रत्येक आधीच्याच्या आडव्या दिशेने. म्हणजे मागचे ओरखडे राहिले की लगेच ओळखू येतात. घाई करणाऱ्याचे काम येथेच फसते. शेवटी मऊ फडक्याने रबिंग कंपाउंड लावले, आणि काचेसारखी स्वच्छता आली.

टूथपेस्टचा उपाय घरोघरी सांगितला जातो. त्याने थोडी चमक येते, टिकत नाही. डास पळविण्याचे औषध फासणारेही आहेत. त्याने प्लॅस्टिकचा पृष्ठभागच विरघळतो, तेव्हा त्या वाटेस न जावे. धुके आतल्या बाजूस असेल, तर बाहेरून कितीही घासणे व्यर्थ.

सर्वांत महत्त्वाचा तो अखेरचा लेप: अतिनील किरणांस अडविणारा पारदर्शक लॅकर. तो न दिल्यास काही महिन्यांतच पिवळेपणा परततो. आम्ही दोन हात दिले व गाडी रात्रभर छपराखाली सुकू दिली.

शाळेतील मास्तरांनी हे पाहिले आणि आपलीही गाडी येत्या शनिवारी आवारात आणून लावण्याचे ठरविले आहे. ३००० नंबरचा अर्धा कागद शिल्लक आहे. ८०० चा मात्र त्यांनीच आणावा.