माहेरचा पत्ता

प्रिय बायो,

"घटस्फोटाची केस टाकायची तर पुण्यालाच ये, संसार तिथे झाला," असं जावईबापू म्हणाले म्हणे. अर्धं खरं आहे. नवरा-बायको शेवटचे जिथे एकत्र राहिले, तिथलं कोर्ट चालतं. पण तेवढंच चालतं असं कुणी सांगितलं? १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम १९ काढून बघ. लग्न रोह्याला लागलं, त्या हद्दीतलं कोर्टही चालतं. आणि २००३च्या दुरुस्तीपासून, अर्ज बायकोचा असेल तर अर्जाच्या दिवशी ती राहते तिथलंही. म्हणजे तुझं पेण.

त्याआधी माहेरी परतलेल्या बाईचा पत्ता या कामी सहसा धरत नसत. लांबच्या कोर्टातल्या तारखेला सोबतीला भाऊ, गाडीभाडं, बुडालेला रोज. त्यापायी कितीजणी गप्प बसल्या असतील! पुरुषांना २००३ची ही सोय नाही, म्हणून काहीजण कुरकुरतात. कुरकुरू देत.

'राहते' म्हणजे किती दिवस, ते कायद्यानं मोजून दिलेलं नाही. अमेरिकेतल्या मिसुरीत ९० दिवसांची अट होती. तिरुपतीला लग्न झालेल्या एका नवऱ्यानं तेवढं वास्तव्य दाखवून तिथून घटस्फोट मिळवला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१मध्ये तो मानला नाही. दिवस भरले म्हणजे माणूस तिथे राहिला असं होत नाही. तू मात्र खरीच राहतेस. आधारवर अजून पुण्याचा पत्ता असला तरी धास्तावू नकोस. लेकीच्या पेणच्या शाळेचा कागद, इथलं बँकेचं पासबुक जपून ठेव.

केस पुण्याला न्यायला जावईबापू उच्च न्यायालयात अर्ज करू शकतात. तिथे बाईची गैरसोय, पदरातलं मूल, हे बघितलं जातं.

आणखी एक. मध्यस्थ मंडळी स्टॅम्पपेपरवर सह्या घेऊन 'मोकळे झालात' म्हणतील. जातीची रूढी कोर्टात सिद्ध झाली तरच त्याला अर्थ. एरवी तो नुसता कागद. दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्यायचा तरी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि हुकूम कोर्टाचाच लागतो.

अर्ज पेणला द्यायचा की अलिबागला, ते वकील सांगतील. फीची काळजी असेल तर अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. लग्नपत्रिका रोह्याच्या कपाटात राहिली असेल तर लग्नाच्या पुराव्याला फोटो शोध; हॉलचं नाव दिसेल असा एखादा असेलच.

तुझी,
आत्या