शिंग फुटलेलं अक्षर

एका चिनी कथेचा अनुवाद करताना त्यातल्या हुशार मुलाविषयी मी लिहिलं, ‘त्याला शिंगं फुटू लागली होती.’ संपादिकेने समासात विचारलं, ‘हा उर्मट कधी झाला?’ मूळ चिनीत ते निखळ कौतुक होतं. डोक्यावरचं शिंग दिसू लागणं म्हणजे गुण उठून दिसणं. थांगकाळातल्या हान यूने 820 साली आपल्या दिवंगत मित्राच्या, कवी ल्यू त्सोंगयुआनच्या समाधिलेखात हीच प्रतिमा वापरली आहे. आपल्याकडे शिंगं फुटतात ती आगाऊ पोराला.

त्या दिवशी शिंगाचं ‘ज्याओ’ हे चिनी अक्षर मी पुन्हा गिरवायला घेतलं. सात फटकाऱ्यांचं अक्षर. तीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवरच्या लेखांत ते चक्क चित्र आहे: टोकदार शिंग आणि त्यावरच्या वळ्या. शिंगाला टोक असतं, म्हणून खोलीचा कोपरा ज्याओ, भूमितीतला कोन ज्याओ, समुद्रात घुसलेलं भूशिरही ज्याओ. रणशिंगात तेच अक्षर. चक्रीफूल म्हणजे ‘आठ शिंगं’. आपल्या शिंगाड्याच्या चिनी नावातही शिंग आहे. ते वाचलं तेव्हा दोन्ही भाषा एकाच तळ्याकाठी भेटल्यासारखं वाटलं. युआनचा दहावा भागही ज्याओच, पण बाजारात त्याला ‘माओ’ म्हणतात, म्हणजे केस! आणि हेच अक्षर ‘ज्युए’ असं वाचलं की नाटकातली भूमिका होते.

निष्फळ कीस काढत बसण्याला चिनीत ‘बैलाच्या शिंगाच्या टोकात शिरणं’ म्हणतात. आत जावं तसं शिंग अरुंद होत जातं. एका शब्दावर दुपार घालवली की मला ते आतून कळतं.

बाहेरची वाट याच अक्षराने दाखवली. शिंगाशेजारी सुरी आणि तिच्याखाली बैल लिहिला की होतं ‘ज्ये’: सोडवणं, उलगडणं, समजणं. ‘ज्वांगत्झू’ या ग्रंथातला आचारी 19 वर्षं एकाच सुरीने बैल सोडवतो, तरी तिची धार नुकती लावल्यासारखी. तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यातली फट शोधतो.

मीही शिंगावर घाव घालणं थांबवलं. वाक्य झालं, ‘त्याचं तेज आता चारचौघांत दिसू लागलं होतं.’ संपादिकेची खूण आली, बरोबर. कौतुक मराठीत पोचलं. शिंग तिकडेच राहिलं, त्याची रुखरुख अजून आहे.