श्रुतिकेचे दिवस

श्रुतिका म्हणजे ऐकण्याचे नाटक. रंगमंच, पडदा, रंगभूषा यांपैकी काहीही हाताशी नसताना केवळ आवाजांच्या बळावर ते उभे राहते. वसतिगृहात दूरचित्रवाणी येण्यापूर्वी राहिलेल्या आम्हा विद्यार्थ्यांचे पहिले नाट्यगृह म्हणजे अधीक्षकांच्या खोलीबाहेरचा ओटा आणि त्यावर ठेवलेला रेडिओ. त्या काळी रेडिओ बाळगण्यास परवाना लागे व त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे, हे आजच्या विद्यार्थ्यांना खरे वाटणार नाही.

आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘पुन्हा प्रपंच’ लागले की ओटा भरून जाई. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी. तीन आवाज आणि रोजचीच बोलणी. पण ते घर आम्हांला दिसत असे. मीनावहिनी बोलत असताना त्यांच्या हातांतील काम थांबलेले नाही, असे नेहमी वाटे. टेकाडे भावजींचे वाक्य पुरे होण्याआधीच मागच्या रांगेत हसू फुटे. नीलम प्रभू पुढे करुणा देव झाल्या, परंतु आमच्या पिढीला त्या मीनावहिनी म्हणूनच ठाऊक आहेत. या तिघांपैकी एकाचाही चेहरा आम्ही तेव्हा पाहिला नव्हता. पुढे छायाचित्रे पाहिली तेव्हा आमच्या मनातील चेहरेच आम्हांला अधिक खरे वाटले.

पुढे या कलेतील युक्त्याही कळल्या. ध्वनिक्षेपकापासून दूर सरकले की पात्र बाहेर गेले. अगदी जवळ आले की ते मनातले बोलू लागले. नारळाच्या करवंट्यांनी घोड्याच्या टापा वाजत, पातळ पत्रा हलवला की ढग गडगडत. हातातील संहितेचे पान उलटताना सळसळ होऊ न देणे हेही अभिनयाचेच अंग होते. हे समजल्याने आमचे कौतुक ओसरले नाही, उलट वाढले.

एक गोष्ट मात्र तेव्हाही जाणवत असे. त्या घरात आम्ही नव्हतो. महिनाअखेरची ओढाताण आम्हांला परकी नव्हती. आमच्या घरी ती पहिल्या तारखेपासूनच असे. परकी होती ती भाषा. तालुक्याच्या एका वक्तृत्व स्पर्धेत आमच्यातील एकाने ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले आणि सारे सभागृह हसले. त्यानंतर आम्ही रेडिओपुढे अधिकच सावध होऊन बसू लागलो. नुसते ‘न’ आणि ‘ण’ सांभाळले की झाले, असे आम्हांला वाटू शकले असते. श्रुतिकेने मात्र निराळे काही शिकवले. कुठे थांबावे, कोणत्या शब्दावर भार द्यावा आणि समोरच्याचे वाक्य आधी पुरे ऐकून घ्यावे. सायंकाळच्या वंदनेनंतर गुरुजी सांगत, की बुद्धवचन लिहिले जाण्यापूर्वी कित्येक पिढ्या कानांनीच जपले गेले आणि आनंद थेर बहुश्रुतांत अग्रगण्य मानले गेले. तेव्हा ऐकणे हे दुय्यम काम नव्हे, एवढे आमच्या मनावर ठसले.

मग आम्हीच श्रुतिका करू लागलो. दोन खांबांना चादर बांधायची आणि तिच्यामागून बोलायचे. वऱ्हाडातून आलेल्या एका विद्यार्थ्याने ‘काऊन रे बापू’ म्हणत आपली आजी उभी केली. त्या रात्री भाषेला कोणी हसले नाही. हसले ते आजी जिथे हसवील तिथेच. पाचवीत नव्याने आलेला एक मुलगा घरच्या आठवणीने कित्येक दिवस कोणाशी बोलत नसे. त्याने चादरीमागून कोंबड्याची बांग दिली. शाळेने ऐकलेला त्याचा पहिला आवाज तोच. आकाशवाणीवर आमच्या वस्तीतील घर क्वचितच ऐकू आले. चादरीमागे मात्र ते रोज भरत असे.

त्या काळी पुष्कळसे प्रसारण थेट होई. ध्वनिफीत महाग असल्याने एकदा वापरलेल्या फितीवर पुन्हा ध्वनिमुद्रण केले जाई. अशा रीतीने कितीतरी उत्तम आवाज हवेत विरून गेले. बाबासाहेबांनी 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान मांडले; त्यातील शब्द आपण वाचत आलो आहोत. बीबीसीने 1955 मध्ये घेतलेल्या मुलाखतीत त्यांचा आवाज ऐकता येतो. ती इंग्रजीत असूनही, ती भाषा न समजणाऱ्या आपल्या माताभगिनी ती शेवटपर्यंत ऐकताना आम्ही पाहिल्या आहेत.

या स्मरणिकेत छायाचित्रे पुष्कळ आहेत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात असलेली माणसे आता थोडीच उरली आहेत आणि त्यांचे बोलणे कोणत्याही पानावर छापता येणार नाही. आमच्यापैकी काहींनी आपापल्या घरच्या वृद्धांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला आहे. त्यांतील एका आजींनी बोलणे सुरू करण्यापूर्वीच विचारले, ‘ह्ये रेडूवर लागंल का?’