‘वन्दे मातरम्’ बँडवर वाजेल का? आळंदीच्या मास्तरांचा लढा

१/ तळेगाव दाभाडे, १९०८. लोकांकडून एकेक पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने येथे काच कारखाना सुरू केला. त्याची धुरा सांभाळणारे ईश्वरदास वार्ष्णेय जपान आणि अमेरिकेत शिकून आले होते. विद्या परक्यांची, निर्मिती आपली, हा स्वदेशीचा एक अर्थ होता. त्या चळवळीचा घोष होता ‘वन्दे मातरम्’.

२/ त्या वर्षी, तळेगावापासून फार दूर नसलेल्या आळंदीत जन्मलेला कृष्णा फुलंब्रीकर दहा वर्षांचा होता. पुढे तो भास्करबुवा बखले यांचा शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतील गायक-नट आणि ‘प्रभात’च्या ‘गोपालकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांचा संगीतकार झाला. महाराष्ट्र त्यांना मास्तर कृष्णराव म्हणून ओळखतो.

३/ मास्तरांनी ‘वन्दे मातरम्’ झिंझोटी रागात बांधले. ब्रिटिश अमदानीत मुंबई नभोवाणीवर त्यांनी ते गाण्यास आरंभ करताच प्रक्षेपण बंद करण्यात आले. मास्तरांनी नभोवाणीवर बहिष्कार घातला.

४/ स्वातंत्र्यानंतरचा अडसर निराळा होता. १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी, ‘जन गण मन’ वाद्यवृंदावर वाजले आणि वाखाणले गेले. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी सभागृहात भूमिका मांडली: राष्ट्रगीतात शब्दांहून चालीला महत्त्व अधिक, ती वाद्यवृंदावर, बँडवर आणि परदेशांतही सहज वाजली पाहिजे.

५/ ही अडचण खरी होती. आपले गाणे मींडेवर जगते. बँडमधील बहुतेक वाद्यांचे स्वर मात्र कळांनी बांधलेले. आपल्याकडे एकच सुरावट खुलत जाते. तेथे अनेक वाद्ये एकाच वेळी भिन्न स्वर वाजवून हार्मनी साधतात. गायकाला मुभा असते. वादकासमोर लिहिलेला कागद असतो.

६/ मास्तरांनी उत्तर वाजवूनच द्यायचे ठरवले. मुंबई पोलीस बँडचे सी. आर. गार्डनर यांच्या साहाय्याने त्यांनी आपली चाल पाश्चात्त्य स्वरलिपीत आणि बँडच्या रचनेत बसवून घेतली. दिल्लीत नेहरू व संविधान सभेच्या सदस्यांपुढे तिचे प्रात्यक्षिकही झाले. तळेगावच्या काचेचेच हे सूत्र होते: साधन परके, सूर आपला.

७/ २४ जानेवारी १९५०. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून घोषित केले आणि ‘वन्दे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान दिला. गीताला सन्मान लाभला. मास्तरांची मूळ मागणी मात्र अपुरी राहिली.

८/ १९७१ मध्ये मास्तरांना पद्मभूषण मिळाले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. आज आकाशवाणीवर ऐकू येणारे ‘वन्दे मातरम्’ देस रागातील आहे. मास्तरांची झिंझोटी जुन्या ध्वनिमुद्रणांत शोधावी लागते. पण एखाद्या संचलनात बँडवर हे गीत ऐकू आले, तर एवढे स्मरावे: हे वाजू शकते, हे सिद्ध करण्यासाठी आळंदीच्या एका गवयाने दिल्ली गाठली होती.