देवनारचा डोंगर आणि सरकारी पैसा

हार्बर मार्गावर गोवंडीला उतरून शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या दिशेने आम्ही निघालो. थोड्याच वेळात घरांच्या पत्र्यांवरून एक डोंगर डोके काढू लागला. नवख्या पाहुण्याला सह्याद्रीचाच एखादा फाटा वाटावा. पण जवळ जाताच नाक सांगते की, हा डोंगर मुंबईने टाकून दिलेल्या कचऱ्याचा आहे. वर घारी फिरतात, खाली कचरागाड्यांची रीघ लागलेली असते.

१९२७ पासून देवनारला शहराचा कचरा पडतो आहे. जागा सुमारे ३२६ एकर. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला आपली माणसे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पोटासाठी आलेल्या कितीतरी आयाबहिणींना मुंबईत कचरावेचणीनेच जगवले. गावकुसाबाहेरून आलेल्यांना शहरानेही कचऱ्याच्या कडेलाच जागा दिली. कचरा वेचणाऱ्यांत दलित बायाच जास्त का, याचे उत्तर वाचकांना वेगळे सांगायला नको.

जानेवारी २०१६ मध्ये हा डोंगर पेटला. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो, म्हणून अशी आग वरून विझली तरी आत धुमसत राहते. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा कुठे सगळ्या मुंबईला देवनार आठवले. वस्तीतल्या लेकरांच्या छातीत मात्र तो धूर आधीपासूनच होता.

आता हा डोंगर हलवायला पैसा आला आहे. २०२५ साली महापालिकेने १८५ लाख टन जुना कचरा साफ करण्यासाठी सुमारे २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. मुदत तीन वर्षांची. कामाची रीत अशी : कचरा खणायचा, ढीग लावून जिवाणूंचे द्रावण फवारायचे, वाळवायचा, मग मोठ्या फिरत्या चाळणीतून काढायचा. माती-दगड भरावाला जातात, प्लॅस्टिक-चिंध्या सिमेंटच्या भट्टीत जळणाला. मुलुंडचा कचराडेपो ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाल्यावर तिथेही हेच काम हाती घेतले गेले. तिथला कचरा सुमारे ७० लाख टन. बोरिवलीजवळच्या गोराईला वेगळी रीत वापरली. १९७२ पासूनचा तो डेपो २००७ साली बंद करून ढिगावर आच्छादन घातले, आतला वायू नळ्यांनी बाहेर काढला आणि वर हिरवळ लावली.

ही गोष्ट एकट्या मुंबईची नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या शहरी टप्प्यासाठी १,४१,६०० कोटींचा आराखडा ठरला. जुने डेपो साफ करायला केंद्राचा वाटाही ठरला : दहा लाखांवर वस्तीच्या शहरांना २५ टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना ३३ टक्के, त्याहून लहान गावांना ५० टक्के. म्हणजे तुमच्या नगरपालिकेच्या डेपोचाही यात हिशेब आहे.

हा हिशेब टनांत होतो, एकरांत होतो. माणसांत होत नाही, आमचे दुखणे तेच आहे. मोकळ्या होणाऱ्या जागेपैकी सुमारे १२४ एकर धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचे, असे राज्य सरकारने २०२४ साली ठरवले. धारावीच्या माणसालाही घर हवेच. पण ज्या बाईने या ढिगाऱ्यातून वेचून मुले शिकवली, तिच्या हाताला उद्या काम कोणते? हा प्रश्न निविदेच्या आकड्यांत कुठे बसतो?

मार्ग नाही असे नाही. स्त्री मुक्ती संघटनेने १९९० च्या दशकाअखेरीस 'परिसर विकास' हा उपक्रम सुरू केला. त्यात कचरावेचक बाया शिकल्या, वसाहतींतला ओला कचरा जिरवून खत करू लागल्या, बायोगॅसचे संयंत्र चालवू लागल्या. 'निसर्गऋण' हे असेच संयंत्र, देवनारपासून जवळच तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेले. काम तेच, पण डोंगरावर चढून उकरण्याऐवजी ताठ मानेने करायचे.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना कामात सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत २०२४ पासून कचरावेचकही आले. नोंदणी, ओळखपत्र, हातमोजे-बुटांसारखी साधने आणि आयुष्मान आरोग्य कार्ड, हे त्यात आहे. तेव्हा आपल्या वस्तीत कोणी मावशी, कोणी ताई हे काम करीत असेल, तर तिला घेऊन वॉर्ड ऑफिसात जा. अर्ज लिहून द्या, पोच घ्या. शिकलेल्या पोरापोरींनी एवढे करावे.

डोंगर हटेल तेव्हा हटेल. त्याआधी आपल्या आयाबहिणींची नावे सरकारी वहीत चढली पाहिजेत.