लिटरभर डिझेल आणि सड्याची चढण

नवी पिकअप दारात येते तेव्हा तिला झेंडूचा हार असतो, चाकाखाली लिंबू असते, आणि हौद्याचा रंग इतका कोरा असतो की त्यात मासळीचे क्रेट ठेवायला जीव होत नाही. दोन-तीन टाक्या संपेपर्यंत हे कौतुक टिकते. मग पंपावर टाकी फुल्ल करताना आकडेमोड सुरू होते आणि आचऱ्यापासून देवबागेपर्यंत ठरलेली तक्रार ऐकू येते: गाडी ॲव्हरेज देत नाही. शोरूममध्ये सांगितलेला आकडा एक, प्रत्यक्षातला त्याहून तीन-चार किलोमीटरने कमी. लगेच निष्कर्ष निघतो की गाडीतच काही खोट आहे. तशी ती असूही शकते. टायरात हवा कमी असेल, ब्रेक धरून राहत असेल, नवे इंजिन अजून मोकळे झाले नसेल. हे सगळे मेस्त्रीकडे अर्ध्या दिवसात कळते, म्हणून त्यावर फार शाई घालवण्यात अर्थ नाही. एका टाकीवरून काढलेल्या हिशोबावरही विश्वास ठेवू नये. त्याच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत, चार-पाच वेळा भरून काढलेला आकडाच खरा. पण एवढे करूनही फरक उरतो, आणि बहुतेकदा उरतोच, तेव्हा दोष शोधण्याची जागा बदलायला हवी. माझे म्हणणे असे, की किलोमीटर भागिले लिटर हे मापच मालवाहू गाडीला लागू पडत नाही, आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर तर अजिबात नाही.

आधी तो सांगितलेला आकडा येतो कुठून ते पाहू. आपल्याकडे हलक्या गाड्यांची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत रोलरवर होते. गाडी जागच्या जागी उभी, चाके फिरतात, आणि एक ठरावीक चक्र पाळले जाते: एकूण ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी, आणि अंतर अकरा किलोमीटरांच्याही आत. वेग कधीच नव्वदच्या वर जात नाही. रस्त्याला चढ नाही, वळण नाही, समोरून येणारी एसटी नाही, आडवी उभी म्हैस नाही. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे वजन. चाचणीत रिकाम्या गाडीच्या वजनात दीडशे किलो धरले जातात. दीड टन उचलायला बांधलेली गाडी दीडशे किलोंवर मोजायची आणि तो आकडा मासळीवाल्याला सांगायचा! यात कोणी खोटे बोलते असे नाही. एका गाडीची दुसरीशी, एकाच परिस्थितीत तुलना करता यावी आणि धुराची मर्यादा तपासता यावी म्हणून ही चाचणी आहे. मालवण-कोल्हापूर फेरीचा खर्च सांगणे हे तिचे कामच नव्हे. शिवाय २०१७ पासून इंधन-कार्यक्षमतेचे जे नियम आले ते प्रवासी मोटारींसाठी होते. साडेतीन टनांच्या आतल्या मालवाहू गाड्या त्यांच्या बाहेर राहिल्या. ज्याच्या घरात डिझेल हा रोजचा सर्वांत मोठा खर्च, त्याच्याच गाडीला नियमाचा धाक सर्वांत उशिरा लागावा, हे मला खटकते.

आता आपला रस्ता. नकाशावर मालवण-देवगड हा किनाऱ्याने जाणारा सरळसा पट्टा दिसतो, पण कोकणचा किनारा सपाट कधीच नव्हता. जांभ्याचा सडा समुद्रापर्यंत येतो आणि जिथे खाडी त्याला कापते तिथे रस्ता खाली उतरतो. कोळंबची खाडी, कालावलची, आचऱ्याची: प्रत्येक पुलाआधी उतार, पुलानंतर चढ. खाली माड, पाणी, खारफुटीचा वास. वर उन्हात तापलेला काळपट कातळ, पावसाळ्यात मात्र रानफुलांनी भरलेला. डोळ्यांना हा खेळ सुखाचा आहे, इंजिनाला नाही. साधे गणित करून पाहू. गाडी आणि माल मिळून ३ टन वजन ८० मीटर उंच उचलायचे तर सुमारे २४ लाख जूल ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलमध्ये साधारण ३ कोटी ६० लाख जूल असतात, पण त्यांतला तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचला तरी नशीब. म्हणजे एका सड्याच्या एका चढणीला, सपाट रस्त्यावर लागले असते त्याच्यावर, आणखी पाव लिटरच्या थोडे खाली डिझेल. घाटाचे प्रमाण अर्थातच मोठे. सावंतवाडीहून आंबोलीला जाताना गाडी साडेपाचशे मीटरांच्या आसपास चढते. त्याला नुसत्या उंचीपोटी सव्वा लिटरहून अधिक जाते. रस्ता तीसेक किलोमीटरांचा. सपाटीवर बारा देणाऱ्या गाडीला तेवढ्या अंतरात अडीच लिटर लागले असते, इथे पावणेचारच्या पुढे लागतात. आकडा बारावरून आठच्या खाली आला, आणि इंजिनात कसलाही बिघाड नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: चढताना गेले ते उतरताना परत मिळते. थोडे मिळते हे मान्य. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आजची इंजिने डिझेल तोडतात. पण उतारावर होऊन होऊन बचत किती होणार? खर्च शून्यावर येईल, त्याच्या खाली जाणार नाही. चढावर मात्र खर्चाला तशी वरची मर्यादा नाही. घाटाच्या वळणांवर वेग आवरायला ब्रेक दाबावाच लागतो, आणि चढताना कमावलेली उंची ड्रमांच्या उष्णतेत विरून जाते. त्यातून आपल्या व्यापाराची दिशा अशी, की बांगडा, सुरमई, आंबा वर चढतात भरलेल्या गाडीतून, आणि परतीचे भाडे मिळाले नाही तर गाडी उतरते रिकामी. वजनाने चढायचे आणि वजनाशिवाय उतरायचे, यापेक्षा तोट्याचा सौदा नाही. कोल्हापूर-बेळगावकडून भाजी घेऊन उतरणारा गाडीवाला एकाच फेरीचे डिझेल दोन भाड्यांत वाटतो. म्हणून तोच शहाणा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुनी गाडी याच सड्यावरून, याच घाटातून, एवढाच माल घेऊन जात होती आणि तिचा आकडा बरा होता, मग नवीला काय झाले? इथे नव्या गाडीचा खरोखरच काही हिस्सा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. डिझेलमधले गंधक दहा लाखांत पन्नास भागांवरून दहावर आले, आणि गाडीच्या धुराच्या नळीत काजळी पकडणारी गाळणी बसली. ही गाळणी भरत जाते तसा धुराला बाहेर पडायला अडथळा होतो, आणि ती साफ करायला गाडी स्वतःच जादा डिझेल फवारून आतली काजळी सहाशे अंशांच्या आसपास जाळते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालायला हवी. हमरस्त्यावर ते होऊन जाते. पण बंदरावरून बर्फ कारखान्यावर, तिथून बाजारात, बाजारातून तारकर्लीच्या हॉटेलांच्या दारोदारी, अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांत जळण्याचे काम सुरू होते आणि गाडी बंद होते. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. डिझेल जाते ते जातेच, वर डॅशबोर्डवर दिवा लागतो. पेट्रोलवर धावणाऱ्या लहान मालगाड्यांचे दुखणे वेगळे: वीस टक्के इथेनॉलचे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच तिसऱ्या हिश्शाने कमी. जुन्या धाटणीच्या चारचाकींना सहा-सात टक्क्यांचा फटका बसेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता.

मग कोणी विचारेल, आणि रास्तच विचारेल, की दिल्लीची हवा बिघडली म्हणून मालवणच्या गाडीवाल्याने गाळणीपायी जादा डिझेल का जाळावे? इथे तर रोज समुद्राचा वारा आहे. वारा आहे हे खरे. पण पहाटे बंदरावर चालू ठेवलेल्या गाडीच्या मागे, नळीपासून दोन हातांवर, क्रेट चढवणारी माणसे उभी असतात, आणि मासळी विकायला बसलेल्या बायका त्याच बोळात असतात. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच दिला आहे. गाळणी हवीच. तिचा खर्च मात्र एकट्या गाडीवाल्याच्या माथी मारला जातो, कारण भाड्याचे दर जुन्या ॲव्हरेजवर बसलेले असतात आणि डिझेल नव्या ॲव्हरेजने जळते.

आता मापाकडे. एका भाकरीवर हमाल किती पावले चालला हे मोजायचे आणि त्याच्या डोक्यावर काय होते हे विचारायचेच नाही, तसा हा किलोमीटर-लिटरचा हिशोब आहे. लिटरला दहा देणारी गाडी दीड टन नेत असेल तर एका लिटरमध्ये ती एक टन माल पंधरा किलोमीटर नेते. तेरा देणारी जुनी गाडी सातशे किलोच नेत असेल तर तिचे उत्तर नऊवर येते. मग महाग कुठली? अर्थात हे समीकरण उलटूही शकते, आणि किनाऱ्यावर बरेचदा उलटते. मासळीच्या भारात बर्फही मोडतो, उन्हाळ्यात मासळीइतकाच. म्हणजे डिझेलचा मोठा वाटा पाणी वाहून नेण्यात जातो. रापणीला त्या दिवशी लागले नाही, ट्रॉलर रिकामा आला, तर दीड टनाची गाडी तीनशे किलो घेऊन निघते आणि स्वतःचेच वजन सडाभर मिरवते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा तर विचारूच नका. हप्ता झेपतो म्हणून मोठी गाडी घेण्याची जी हौस पसरली आहे, तिच्यात मला खरी खोट दिसते. ती इंजिनात शोधून सापडणार नाही. चिरेखाणीच्या कामाला जी गाडी योग्य, ती हॉटेलांना सुरमई पोचवायला योग्य असेलच असे नाही. छोटा हत्ती तिथे निम्म्या डिझेलात भागवतो.

म्हणून गाडी घेताना विचारायचा प्रश्न असा हवा: वर्षातले किती दिवस हौदा भरलेला असेल, आणि परतीला काय असेल? आणि भाडे ठरवताना किलोमीटरबरोबर क्रेट मोजायला हवेत, घाट असेल तर घाटाचे वेगळे. हे काही नवे शिकवणे नाही. देवगडचा हापूस वाशीला जातो तेव्हा भाडे पेटीमागे ठरते, आणि बागायतदार, दलाल, गाडीवाला तिघांनाही एका पेटीला वाहतूक किती पडली ते तोंडपाठ असते. तिथे ॲव्हरेजचे रडगाणे फारसे ऐकू येत नाही. बांगड्याच्या क्रेटला आणि चिऱ्याच्या नगाला तो हिशोब लावायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. मासेमारी पुन्हा सुरू होते त्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, नव्या हंगामाचे दर ठरतात तेव्हाच, गाडीवाल्यांनी तो मांडून पाहावा.